द्राक्षांतील औषधांचे अवशेष व त्यांची वर्णपट-परीक्षा

मीना, कुकडी व घोड या नद्यांच्या पाण्यावर जुन्नर व आंबेगांव तालुक्यांत जी बागाईत उभी राहिली आहे, तींत द्राक्षाचें स्थान निराळें आहे. कांदा किंवा बटाटा मंचरच्या बाजारांत नेऊन विकला म्हणजे त्याचा व्यवहार संपला. द्राक्षाचा, विशेषतः परदेशीं जाणाऱ्या द्राक्षाचा व्यवहार मात्र वजनकांट्यावर संपत नाहीं. गोडी, मण्याचा आकार, रंग व टिकाऊपणा हे सर्व गुण उत्तम असूनही केवळ एका कागदावरील एका आंकड्यामुळें सबंध बागेचा माल परदेशच्या बाजारास मुकतो. तो कागद म्हणजे प्रयोगशाळेचा अवशेष-तपासणीचा अहवाल होय.

हा आंकडा कसा काढतात, त्यावर कितपत विसंबावें, आणि 'यंत्र फळावर धरा व विष ओळखा' अशा थाटाचें बोलणें जेव्हां कानांवर येतें तेव्हां त्यांत तथ्य किती समजावें, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. विषय रसायनशास्त्राचा असला तरी तो समजण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाहीं. बागाईतदारानें तो समजून घेतला नाहीं तर नुकसान मात्र त्याचेंच होतें.

अवशेष म्हणजे काय

केवडा, भुरी, करपा हे रोग आणि फुलकिडे, तुडतुडे, पिठ्या ढेकूण या किडी यांपासून वेल वाचविण्यासाठीं फळछाटणीपासून काढणीपर्यंत अनेक फवारण्या कराव्या लागतात. फवारलेल्या औषधाचा कांहीं भाग जमिनीवर पडतो, कांहीं वाऱ्यावर उडून जातो आणि कांहीं पानांवर व मण्यांवर बसतो. मण्यांवर बसलेला भाग ऊन, पाऊस, दंव व वनस्पतीच्या अंगचे रस यांच्या योगें दिवसेंदिवस विघटन पावून कमी होत जातो. काढणीच्या दिवशीं त्यांतील जो भाग उरतो, त्यास अवशेष म्हणतात.

औषधांचे येथें दोन वर्ग ध्यानांत ठेवावे. गंधक किंवा बोर्डो मिश्रण यांसारखीं स्पर्शजन्य औषधें सालीच्या बाहेरच राहतात. आंतरप्रवाही औषधें पानांतून, सालींतून किंवा मुळांतून आंत शिरतात व रसाबरोबर हिंडतात. पहिल्या प्रकारचें औषध पाण्यानें कांहीं अंशीं धुऊन निघूं शकतें. दुसऱ्या प्रकारचें जें एकदां गरांत शिरलें तें धुण्यानें निघत नाहीं. हा भेद पुढें यंत्रांचा विचार करतांना फार उपयोगी पडेल.

प्रत्येक देश आपल्या कायद्यानें दर औषधाची व दर पिकाची कमाल अवशेष-मर्यादा ठरवून देतो. तिच्या एक पाऊल पलीकडे विष व अलीकडे अमृत, असा तिचा अर्थ कोणी करूं नये. औषध योग्य मात्रेनें व योग्य वेळीं वापरलें असतां जास्तींत जास्त किती अवशेष राहावा, हें प्रत्यक्ष शेतांतील प्रयोगांवरून पाहतात. आणि तेवढा अवशेष खाणाऱ्याच्या प्रकृतीस बाधक नाहीं अशी खात्री करून मग ती मर्यादा ठरवितात. जेथें अशी निराळी मर्यादा ठरलेली नाहीं, तेथें युरोपीय संघाच्या नियमानें दर किलोस ०.०१ मिलिग्रॅम हीच मर्यादा धरली जाते. आपल्या देशांतही अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६, याखालील नियमांत सामान्य मर्यादा म्हणून हाच आंकडा आहे.

हें प्रमाण किती सूक्ष्म आहे

दर किलोस ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे दहा कोटि भागांत एक भाग. तांदळाच्या एका दाण्याचें वजन सुमारें २० मिलिग्रॅम धरलें, तर एक टन द्राक्षांत केवळ अर्धा दाणा, व दहा टन द्राक्षांत पांच दाणे इतकें औषध म्हणजे ही मर्यादा होय. याच्या उलट, त्याच द्राक्षाची गोडी शेंकडा १८ असेल तर एका किलोंत साखर १८० ग्रॅम, म्हणजे १,८०,००० मिलिग्रॅम भरते. साखरेचे एक कोटि ऐशीं लक्ष भाग बाजूस सारावे, तेव्हां त्या औषधाचा एक भाग हातीं लागतो. साखरेशिवाय आम्लें, रंगद्रव्यें, सालीवरील मेण व सर्वांहून अधिक असें पाणी हीं आहेतच. एवढ्या गर्दींतून एकच इसम नांवानिशीं ओळखून काढावयाचा आणि त्याच्यासारखे किती आले आहेत तेंही मोजावयाचें, असें हें काम आहे. हें प्रमाण मनांत पक्कें ठसलें म्हणजे कोणतें यंत्र काय करूं शकेल याचा अंदाज वाचकांस स्वतःच करतां येईल.

एक जुना दाखला

असा प्रसंग केवळ आपल्यावरच ओढवला आहे असें नव्हे. एक शतकापूर्वीं अमेरिकेंतील सफरचंदांच्या बागांत फळ पोखरणाऱ्या अळीवर शिशाचें आर्सेनेट हें सोमलयुक्त औषध सर्रास फवारीत. इंग्लंडांत १९०० सालीं बिअरमधून सोमलाची विषबाधा होऊन पुष्कळ लोक दगावले होते. त्याच्या चौकशीसाठीं नेमलेल्या आयोगानें १९०३ सालीं खाद्यपदार्थांत दर पौंडास एक ग्रेनचा शंभरावा भाग, म्हणजे दर किलोस सुमारें १.४३ मिलिग्रॅम, याहून अधिक सोमल नसावा असें सुचविलें. पुढें १९२५ च्या सुमारास अमेरिकेहून आलेल्या सफरचंदांवर याहून अधिक सोमल इंग्लंडांत आढळूं लागला, तेव्हां तेथील बागाईतदारांपुढें बाजार गमावण्याचा प्रसंग उभा राहिला. अखेरीस सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लांत फळें धुऊन मग तीं पेट्यांत भरण्याची पद्धत त्यांस सुरू करावी लागली.

सोमल ओळखणें त्या काळींही अवघड नव्हतें. फळाच्या अर्कांतून सोमलाचा वायु काढून तो पाऱ्याच्या क्षारांत भिजविलेल्या कागदावर सोडला म्हणजे पिवळा ते तपकिरी डाग उमटे. डागाच्या गडदपणावरून प्रमाण ठरे. परंतु सोमल हें मूलद्रव्य आहे व तें द्राक्षांत किंवा सफरचंदांत स्वभावतः जवळजवळ नसतें, म्हणून ही युक्ति चालली. आजचीं बहुतेक औषधें कर्ब, उज्ज, प्राण व नत्र यांचीं, आणि पुष्कळ वेळां त्यांत क्लोरीन, गंधक किंवा स्फुर यांची भर पडून बनलेलीं आहेत. पहिलीं चार मूलद्रव्यें तर द्राक्षाच्या रसांतही भरपूर आहेत. तेव्हां मूलद्रव्य ओळखून भागत नाहीं. त्या मूलद्रव्यांची जी विशिष्ट गुंफण, म्हणजे रेणु, तोच ओळखला पाहिजे. येथें वर्णपटाचें शास्त्र मदतीस येतें.

वर्णपट म्हणजे काय

पांढरा प्रकाश काचेच्या लोलकांतून नेला म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा पडतो, हें न्यूटननें १६६६ च्या सुमारास दाखविलें. १८१४ सालीं जर्मनींतील फ्राउनहोफर यास सूर्याच्या वर्णपटांत शेंकडों काळ्या रेषा आढळल्या. पुढें १८५९-६० सालीं बुन्सेन व किर्खहोफ यांनीं असें सिद्ध केलें कीं, प्रत्येक मूलद्रव्य तापविलें असतां ठराविक रंगांच्याच रेषा देतें व त्या रेषांवरून तें ओळखतां येतें. याचा स्थूल अनुभव आपणांस घरींही आहे. चुलींत मिठाचा खडा पडला म्हणजे ज्योत पिवळी होते. बोर्डो मिश्रणासाठीं आणलेल्या मोरचुदाची चिमूट विस्तवावर पडली तर ज्योतींत हिरवी झांक येते. पिवळा रंग मिठांतील सोडियमची खूण, हिरवा रंग मोरचुदांतील तांब्याची.

या शास्त्राचें एक भव्य उदाहरण आपल्याच तालुक्यांत उभें आहे. नारायणगांवाजवळ खोडद येथें व आसपासच्या शिवारांत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ज्या ३० तबकड्या दिसतात, त्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या होत. आकाशांतील उज्ज वायु २१ सेंटिमीटर लांबीची एक विशिष्ट रेडिओ लहर सोडतो. ती लहर या तबकड्या टिपतात व तिच्यावरून दूरच्या आकाशगंगांत तो वायु कोठें व किती आहे हें शास्त्रज्ञ सांगतात. वायूपाशीं न जातां, केवळ त्याची खूण ओळखून त्याची नोंद घ्यावयाची, हेंच वर्णपटविज्ञानाचें मूळ तत्त्व होय.

मूलद्रव्यांप्रमाणें रेणूंसही स्वतःच्या खुणा असतात. रेणूंतील अणु स्प्रिंगांनीं जोडल्यासारखे सतत कंप पावतात, आणि प्रत्येक जोडाचा कंप ठराविक असतो. अदृश्य अशा अवरक्त किरणांपैकीं ज्यांचा कंप जुळतो तेवढेच किरण तो रेणु शोषून घेतो. कोणते किरण शोषले गेले हें पाहून रेणूची ओळख पटते. शुद्ध औषधाची पुडी दिली तर अवरक्त वर्णपटानें ती कशाची आहे हें रसायनज्ञ अल्पावकाशांत सांगेल. परंतु दहा कोटि भागांत एक भाग इतकें तेंच औषध द्राक्षाच्या रसांत मिसळलें असेल, तर पाणी व साखर यांच्याच खुणांखालीं त्याची खूण बुडून जाते. यास्तव प्रयोगशाळेंत आधीं गर्दी हटवावी लागते व मग ओळख पटवावी लागते.

प्रयोगशाळेंत काय करतात

पुण्याजवळ मांजरी येथें १९९७ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निर्यातीच्या द्राक्षांतील अवशेष-तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम पाहतें. तेथील डॉ. कौशिक बॅनर्जी व त्यांचे सहकारी यांनीं द्राक्षांसाठीं बसविलेली व २००७ सालीं प्रसिद्ध केलेली पद्धत स्थूल मानानें अशी आहे.

बागेंतून आणलेला नमुना यंत्रांत वाटून एकजीव करतात व त्यांतील केवळ १० ग्रॅम लगदा घेतात. त्यांत ईथाइल ॲसिटेट हें द्रावक व पाणी शोषून घेणारें सोडियम सल्फेट घालून जोरानें घुसळतात. औषधें द्रावकांत उतरतात. साखर व पाणी बहुतांशीं मागें राहतें. मग आम्लें व रंगद्रव्यें धरून ठेवणाऱ्या एका भुकटीनें तो अर्क साफ करतात. अशा रीतीनें गर्दीचा पहिला लोंढा दूर होतो.

उरलेला अर्क बारीक नळींतून पुढें ढकलतात. या क्रियेस वर्णलेखन म्हणतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं पानांतील हिरवीं व पिवळीं रंगद्रव्यें खडूच्या भुकटीच्या नळींतून वेगळीं केलीं, तेव्हांपासून हें नांव पडलें. नळींतील भुकटीस जें द्रव्य अधिक चिकटतें तें मागें रेंगाळतें. जें कमी चिकटतें तें आधीं बाहेर पडतें. प्रत्येक औषधाची बाहेर पडण्याची वेळ ठराविक असल्यामुळें ती वेळ हीच त्याची पहिली साक्ष होते.

नळींतून बाहेर पडणारें द्रव्य वस्तुमान-वर्णपटमापकांत जातें. या यंत्रांत खरें पाहतां प्रकाशाचा पट्टा नसतो. रेणूंवर विद्युद्भार चढवून त्यांस वजनाप्रमाणें वेगळें करतात व हलक्यापासून जडापर्यंत त्यांचा जो पट मिळतो, त्यास वर्णपटाच्या साम्यावरून तें नांव पडलें आहे. उदाहरणार्थ, इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचा भारित रेणु २५६ या वजनाच्या जागीं दिसतो. परंतु २५६ वजनाचीं इतर द्रव्यें नसतीलच असें कोण सांगावें? म्हणून यंत्र केवळ २५६ वजनाचे रेणु निवडून त्यांवर वायूचे आघात करून ते फोडतें. इमिडाक्लोप्रिड फुटलें म्हणजे २०९ व १७५ वजनाचे तुकडे मिळतात, व त्या दोन तुकड्यांचें परस्पर प्रमाणही ठराविक असतें. बाहेर पडण्याची वेळ, मूळ रेणूचें वजन, दोन तुकड्यांचीं वजनें व त्यांचें प्रमाण इतक्या साक्षी जुळल्या तरच औषधाचें नांव अहवालांत लिहिलें जातें. कोर्टांत अनेक साक्षी जुळल्या म्हणजे निकालास बळकटी येते, तसाच हा प्रकार आहे.

प्रमाण काढण्यासाठीं औषधविरहित द्राक्षांच्या अर्कांत त्या औषधाचीं माहीत असलेलीं मापें मिसळून यंत्रास दाखवितात, व नमुन्याच्या खुणेची उंची त्यांच्याशीं ताडून पाहतात. अशा एका फेरींत शेंकडों औषधें तपासून निघतात.

अहवाल कसा वाचावा

अहवालांत एखाद्या औषधापुढें 'मोजमाप-मर्यादेखालीं' असा शेरा असला तर त्याचा अर्थ तें औषध मुळींच नाहीं असा होत नाहीं. ज्याखालीं यंत्राचें माप खात्रीचें राहत नाहीं त्या मर्यादेहून तें कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. दुसरें असें कीं, प्रत्येक मापास अनिश्चितता असते. युरोपांतील प्रयोगशाळांच्या मार्गदर्शक नियमांत ती साधारणतः अधिक-उणें शेंकडा ५० धरली आहे. म्हणून ज्याच्या अहवालांत मर्यादेच्या अगदीं लगतचा आंकडा आला, त्यानें 'पास झालों' म्हणून निर्धास्त राहूं नये. त्याच बागेचा दुसरा नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेंत मर्यादेपलीकडे जाणें अशक्य नाहीं, आणि त्यांत दोन्ही प्रयोगशाळा प्रामाणिक असूं शकतात.

तिसरी गोष्ट नमुन्याची. सबंध बागेचा निवाडा शेवटीं १० ग्रॅम लगद्यावर होतो. तेव्हां नमुना बागेच्या चारी बाजूंचा, मधल्या ओळींचा, उन्हांतील व पानांआडच्या घडांचा मिळून झालेला असला पाहिजे. कडेच्या ओळींवर शेजारच्या शेतांतील फवारणीचे तुषार येतात आणि वळणावर पंप रेंगाळल्यानें वेलींवर औषध दुप्पट पडतें. असे घड वगळून चांगल्या ओळींतूनच नमुना द्यावा असा मोह कोणास होतो. त्यानें तालुक्यांतील प्रयोगशाळा फसेल. परंतु हॉलंडच्या बंदरांतील तपासनीस पेटी उघडील तेव्हां ती नेमकी कडेच्या ओळीची निघाली तर?

सन २०१० चा धडा

युरोपांत २००३ सालीं हिंदी द्राक्षांत मर्यादेबाहेर अवशेष आढळले, व त्यानंतर अपेडा या निर्यात-प्राधिकरणानें द्राक्षांसाठीं अवशेष-निरीक्षणाची व्यवस्था घालून दिली. २००६ सालीं 'ग्रेपनेट' या नांवानें बागांची नोंदणी, नमुने व अहवाल यांची एकत्र नोंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली. एवढी कडेकोट व्यवस्था असूनही २०१० सालीं महाराष्ट्रांतील द्राक्ष-बागाईतदारांवर मोठा घाला पडला. आपल्याकडील अहवालांत निर्दोष ठरलेलीं द्राक्षें युरोपांत पोंचलीं, आणि तेथें त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड हें द्रव्य आढळलें. त्या वेळची मर्यादा दर किलोस ०.०५ मिलिग्रॅम होती. तिच्याहून अवशेष अधिक निघाल्यानें माल अडला, भाव कोसळले व निर्यातदार आणि बागाईतदार दोघेही अडचणींत आले.

क्लोरमेक्वाट हें कीटकनाशक नव्हे. तें वाढरोधक आहे. खरड छाटणीनंतर काडीची वाढ आवरून डोळ्यांत घड धरावा म्हणून आपले बागाईतदार तें वापरीत असत. मग तें येथील तपासणींत कां सांपडलें नाहीं? कारण तपासावयाच्या द्रव्यांच्या यादींत तें नव्हतें. शिवाय हें द्रव्य मिठासारखें भारित असल्यामुळें पाण्यांत राहतें, ईथाइल ॲसिटेटमध्यें उतरत नाहीं. त्यासाठीं आम्लयुक्त मेथनॉलसारख्या निराळ्या द्रावकानें निराळा अर्क काढावा लागतो व यंत्रास १२२ वजनाचा रेणु व ५८ वजनाचा तुकडा पाहण्याची निराळी आज्ञा द्यावी लागते. या घटनेनंतर हें द्रव्य यादींत घालण्यांत आलें.

यांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, यंत्र कितीही कुशाग्र असलें तरी तें जें शोधावयास सांगावें तेंच शोधतें. 'अमुक औषधें तपासलीं व आढळलीं नाहींत' आणि 'माल निर्दोष आहे' या दोन वाक्यांत अंतर आहे. तें अंतर भरून काढणारी वस्तु एकच: बागाईतदाराची खरी फवारणी-वही. वहींत जें लिहिलें आहे तें प्रयोगशाळेस कळतें. जें लपविलें आहे तें परदेशच्या बंदरांत कळतें. दुसरी गोष्ट ही कीं, काढणीच्या पुष्कळ महिने आधीं दिलेलें द्रव्यही फळांत येऊं शकतें. युरोपांतील नाशपातीच्या बागांत याच क्लोरमेक्वाटचा अनुभव असा आला कीं, फवारणी बंद केल्यानंतरच्या हंगामांतही लांकडांत सांठलेलें द्रव्य फळांत उतरत राहिलें. सबब खरड छाटणीनंतरच्या फवारण्याही वहींत लिहिल्याच पाहिजेत.

हातांतील यंत्रें व रामन वर्णपट

आतां त्या झटपट यंत्रांविषयीं. आज बाजारांत हातांत मावणारीं अवरक्त किरणांचीं यंत्रें मिळतात. फळ न कापतां त्याची गोडी व परिपक्वता अजमावण्यास तीं खरोखर उपयुक्त आहेत. कारण साखर शेंकड्यांच्या हिशेबांत असते. परंतु साखरेच्या एक कोटि ऐशीं लक्षाव्या भागाइतकें औषध त्याच किरणांनीं दिसेल, असें जर कोणी म्हणेल तर मागें दिलेला हिशेब त्यापुढें ठेवावा. तराजू धान्याचीं पोतीं तोलतो म्हणून तो केशराची काडीही तोलील असें नाहीं.

याहून आशादायक मार्ग आपल्याच देशांतील शोधावर उभारलेला आहे. १९२८ सालीं चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं कलकत्त्यास दाखविलें कीं, पदार्थावर एकरंगी प्रकाश पाडला असतां परत विखुरलेल्या प्रकाशांतील अत्यल्प भागाचा रंग किंचित् बदललेला असतो, आणि हा बदल रेणूच्या कंपनांवर अवलंबून असतो. १९३० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. रामन प्रकाश मूळचा फार मंद; परंतु १९७४ सालीं इंग्लंडांत फ्लाइशमान व त्यांचे सहकारी यांस असें आढळलें कीं, रेणु खडबडीत चांदीच्या पृष्ठभागास चिकटलेला असेल तर ही खूण कित्येक पटींनीं तेजस्वी होते. पुढें चांदीचे व सोन्याचे अतिसूक्ष्म कण वापरून फळांच्या सालीवरील थायरम, थायबेंडाझोल यांसारखीं औषधें या रीतीनें प्रयोगशाळांत ओळखण्यांत आलीं आहेत. फळ न वाटतां, कांहीं मिनिटांत हें काम होतें, हा त्याचा मोठा गुण.

या पद्धतीचा एक उत्तम उपयोग अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांत झाला. तेथील संशोधकांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सफरचंदांवर थायबेंडाझोल व फॉस्मेट हीं औषधें लावून तीं निरनिराळ्या रीतींनीं धुतलीं. खाण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणांत बारा ते पंधरा मिनिटें ठेवल्यावर सालीवरील औषधें बहुतांशीं निघून गेलीं. परंतु रामन वर्णपटानें सालीचा छेद तपासतां आंतरप्रवाही थायबेंडाझोल ८० मायक्रॉनपर्यंत व फॉस्मेट २० मायक्रॉनपर्यंत आंत शिरलेलें आढळलें, आणि आंत शिरलेला भाग धुण्यानें निघाला नाहीं. आरंभीं सांगितलेला स्पर्शजन्य व आंतरप्रवाही हा भेद येथें डोळ्यांनीं दिसला असें म्हणावयास हरकत नाहीं.

तथापि या पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. ती मुख्यतः पृष्ठभाग पाहते. चांदीस जें औषध चिकटतें तेंच ठळक दिसतें. गंधकयुक्त थायरम दिसतें म्हणून प्रत्येक औषध दिसेल असें नाहीं. चांदीचे कण सर्वत्र सारखे बसत नसल्यामुळें माप डगमगतें. द्राक्षाच्या मण्यावर जी पांढरी लव असते तें मेण, आणि काळ्या जातींच्या सालींतील रंग हे दोन्ही मध्यें येतात. आणि दहा-पंधरा औषधें एकत्र असलीं म्हणजे त्यांच्या खुणा एकमेकींत मिसळतात. यास्तव हें तंत्र चाळणीचें काम करील, निवाड्याचें नव्हे. संशयित माल बाजूस काढण्यास तें उद्यां पॅकहाउसच्या दारीं उपयोगी पडेल; निर्यातीचा अधिकृत निर्णय आज वर्णलेखन व वस्तुमान-वर्णपट यांच्या जोडीवरच होतो. असें यंत्र विकत घेण्यापूर्वीं विक्रेत्यास तीन प्रश्न विचारावे: कोणकोणतीं औषधें यानें ओळखतां येतात, दर किलोस किती मिलिग्रॅमपर्यंत, आणि कोणत्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या अहवालाशीं हें पडताळलें आहे? तिन्हींचीं उत्तरें लेखी मिळेपर्यंत पैसे हातचे सोडूं नयेत.

बागाईतदाराच्या हातीं काय आहे

तपासणी अवशेष दाखविते. ती अवशेष कमी करीत नाहीं. तें काम दिवसांचें आहे. औषधाच्या विघटनाचा हिशेब अर्ध्या-अर्ध्यानें चालतो. समजा, फवारणीच्या दिवशीं मण्यांवर दर किलोस १ मिलिग्रॅम औषध बसलें, व तें दर पांच दिवसांनीं निम्में होतें. पांचव्या दिवशीं तें ०.५, दहाव्या दिवशीं ०.२५, पंधराव्या दिवशीं सुमारें ०.१२, विसाव्या दिवशीं ०.०६ व पंचविसाव्या दिवशीं ०.०३ राहील. मर्यादा ०.०५ असेल तर पंचवीस दिवसांनीं काम भागलें. पण मर्यादा ०.०१ असेल तर सात वेळां निम्में व्हावें लागतें, म्हणजे पस्तीस दिवस हवेत. मात्रा दुप्पट केली तर आणखी पांच दिवस वाढतात. प्रत्येक औषधाचा निम्में होण्याचा काळ निराळा असतो व थंडींत तो लांबतो. वरील आंकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठीं घेतले आहेत. प्रत्यक्ष काढणीपूर्व प्रतीक्षा-काल राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारस-यादींत, म्हणजे बागाईतदार ज्यास 'ॲनेक्श्चर पांच' म्हणतात तींत, औषधवार दिलेला असतो व तोच पाळावा. यादी बदलत असते. सबब दर हंगामीं नवी पाहावी. नारायणगांवच्या ग्रामोन्नती मंडळाच्या कृषि विज्ञान केंद्राचा सल्लाही अवश्य घ्यावा.

याखेरीज पुढील नियम ध्यानीं ठेवावे.

१. शिफारस नसलेलें औषध, मग तें कितीही गुणकारी म्हणून सांगितलें जावो, निर्यातीच्या बागेंत आणूं नये. ज्या डब्यावर घटक लिहिलेले नाहींत तें 'टॉनिक' किंवा 'जैविक' औषधही याच सदरांत मोडतें. कारण त्यांत काय आहे हें आपणांस ठाऊक नसलें तरी यंत्र तें ओळखूं शकतें.

२. टोमॅटो किंवा कांदा यांवर वापरलेला पंप व टांकी न धुतां द्राक्षांत नेऊं नये. टांकीच्या तळाशीं उरलेलें थोडेंसें औषध ०.०१ च्या हिशेबांत थोडें नसतें.

३. मण्यांत पाणी फिरल्यानंतर, म्हणजे गोडी भरूं लागल्यावर, दीर्घकाळ टिकणारें औषध टाळावें. 

४. शेजाऱ्याशीं बोलून फवारणीचे दिवस ठरवावे व वारा असतां फवारूं नये.

५. तारीख, औषध, मात्रा, पाणी व फवारणाऱ्याचें नांव त्याच दिवशीं वहींत लिहावें. नमुना घेणारा येण्याच्या आदल्या रात्रीं नव्हे.

शेवटीं एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें अवश्य वाटतें. निर्यातीचा माल बंदरांत अडतो म्हणून आपण त्याची इतकी काळजी घेतों. परंतु पुण्या-मुंबईच्या बाजारांत जाणारे व आपल्याच घरांत ताटांत पडणारे घड कोणत्याही यंत्रापुढें जाईनात कां, त्यांतील रेणु तेच असतात. परदेशच्या तपासनिसास भिऊन ज्या बागेंत प्रतीक्षा-काल पाळला जातो, त्याच बागाईतदाराच्या स्थानिक बाजारासाठीं राखलेल्या ओळींत तो पाळला जात नसेल, तर त्या वहीचा निम्मा अर्थ वाया गेला म्हणावयाचा. यंत्र मांजरीस असो कीं रॉटरडॅमला, अवशेष ठरतो तो फवारणीच्या दिवशीं, आणि तो दिवस ठरविणें सर्वस्वी बागाईतदाराच्या हातीं आहे.